आगबोटीत चढण्यापूर्वी आणि उतरल्यानंतर

समुद्रसफरीचा विषय हल्ली आपल्या मध्यमवर्गीय घरांतून वरचेवर निघू लागला आहे. साठी-सत्तरीच्या निमित्ताने मुले आईवडिलांच्या हाती बोटीची तिकिटे ठेवतात. एका कचेरीत जन्म काढलेली मंडळी निवृत्तीनंतर गट करून गोव्यापर्यंत वा कोचीपर्यंत जाऊन येतात. नवपरिणीत जोडपी लक्षद्वीपचे बेत आखतात. बोटीवर कोणते खेळ आहेत, किती भोजनगृहे आहेत, पोहण्याचा तलाव कोणत्या मजल्यावर आहे, याची रंगीत पत्रकेही घरोघर पोहोचतात. परंतु बोटीत पाय ठेवण्यापूर्वीचे चोवीस तास आणि बोटीतून उतरल्यानंतरचे बारा तास यांविषयी त्या पत्रकांत सहसा फारसे काही नसते. आजचे माझे भाषण या छत्तीस तासांविषयी आहे.

समुद्रावर प्रवाशाची काळजी वाहावयास कप्तान असतो, डॉक्टर असतो, वाढपी असतात, शेकडो खलाशी व नोकरचाकर असतात. किनाऱ्यावर मात्र त्याची काळजी त्यालाच वाहावी लागते. माझ्या पाहण्यातील ज्या ज्या सफरी विरजल्या, त्यांतील बहुतेक पाण्यावर विरजल्या नाहीत. त्या धक्क्याच्या अलीकडेच विरजल्या. चूक बहुधा क्षुल्लक असते. कोणी भलत्याच धक्क्यावर गेला, कोणाचे ओळखपत्र घरी राहिले, कोणाच्या औषधाच्या गोळ्या मोठ्या पेटीत गेल्या. परंतु सबंध आयुष्यात एकदाच घडणारी सफर असेल, तर अशा क्षुल्लक चुकीची किंमत फार मोठी होते.

आपल्या कोकणी बांधवांना हे सारे ठाऊक होते. रेल्वे नव्हती तेव्हा मुंबईचा चाकरमानी आगबोटीनेच गावी जाई. बोट सुटण्याच्या कितीतरी आधी तो धक्क्यावर पेटी-वळकटी घेऊन हजर असे. जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग अशा बंदरांची नावे त्याला स्टेशनांच्या नावांसारखी पाठ असत आणि बंदरात उतरल्यावर पडावातून किनारा कसा गाठावयाचा हेही तो जाणून असे. पुढे रस्ते सुधारले, १९९८ साली कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली, आणि बोटीचे हे शहाणपण घरातून हळूहळू नाहीसे झाले. आजचा प्रवासी बोटीकडे आगगाडीच्या सवयीने जातो, आणि घोटाळा येथूनच सुरू होतो.

तेव्हा पहिली सूचना वेळेविषयी. आगगाडी सुटण्यापूर्वी पाच मिनिटे स्टेशनात शिरले तरी माणूस डब्यात चढू शकतो. बोटीचे तसे नाही. बोट सुटण्याची जी वेळ तिकिटावर असते, तिच्या बऱ्याच आधी प्रवाशांना आत घेण्याचे काम संपते आणि दार बंद होते. म्हणून तिकिटावरील दोन वेळा निरनिराळ्या वाचाव्यात : बोट सुटण्याची एक, आणि हजर होण्याची शेवटची दुसरी. आपल्या कामाची आहे ती दुसरी. ती एका कागदावर ठळक अक्षरांत लिहून घराच्या दारावर डकवून ठेवली, तरी हरकत नाही.

शक्य असेल त्याने बोटीच्या आदल्या दिवशीच मुंबईत यावे. पुण्याच्या मंडळींचे उदाहरण घेऊ. दख्खनची राणी सकाळी सव्वासातला पुण्याहून निघते आणि साडेदहाच्या सुमारास छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर पोहोचते. तेथून बोटीचा धक्का हाकेच्या अंतरावर, आणि बोट तर दुपारी; मग एक रात्र मुंबईत काढण्याचा खर्च का करावा, असे पुष्कळांना वाटते. कागदावर हा हिशेब बरोबर आहे. पण बोरघाटात दरड कोसळली, एखाद्या गाडीचे इंजिन बिघडले, किंवा मुंबईत आदल्या रात्री पाऊस कोसळून रूळ पाण्याखाली गेले, तर तो कागद फाडून टाकावा लागतो. एका रात्रीचे भाडे हा या सफरीचा विमाच समजावा. नातेवाइकांकडे उतरावयाचे असल्यास डोंबिवली-बोरिवलीकडे न उतरता शक्य तितके शहराच्या दक्षिण भागात उतरावे. रेल्वेचे आरक्षित तिकीट असणाऱ्यास मोठ्या स्थानकांवरील विश्रामकक्षाची सोय आगाऊ मागता येते. ती अनेकांना ठाऊकच नसते.

आता धक्क्याविषयी. मुंबईत बोटीचे तीन प्रमुख ठिकाण आहेत, आणि बाहेरगावच्या माणसाला ती तिन्ही एकच वाटतात. पहिले, गेटवे ऑफ इंडिया. येथून घारापुरीच्या लेण्यांकडे आणि मांडव्याकडे लहान बोटी जातात. दुसरे, माझगावचा भाऊचा धक्का. येथून मांडव्याला मोटारींसह माणसे नेणारी रो-रो बोट मार्च २०२० पासून सुटते, आणि मासळीचा मोठा व्यवहारही त्याच भागात चालतो. तिसरे, बॅलार्ड पियर. इंदिरा गोदीच्या कडेला असलेल्या या ठिकाणी मुंबईचे आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल आहे. त्याचे उद्घाटन २० सप्टेंबर २०२५ रोजी झाले. सहलीच्या मोठ्या बोटी येथे लागतात. बंदराच्या फाटकांना मुंबईत रंगांची नावे आहेत : रेड गेट, ग्रीन गेट, यलो गेट वगैरे. या टर्मिनलकडे जाणाऱ्याने ‘बॅलार्ड इस्टेट, ग्रीन गेट’ असे सांगावे आणि आपल्या तिकिटावरील पत्त्याशी ते एकदा ताडून पाहावे.

आमच्या पेठेतील एका वृद्ध दांपत्याची हकीकत येथे सांगण्यासारखी आहे. लग्नाला पन्नास वर्षे झाली म्हणून मुलाने त्यांना गोव्याच्या सफरीची तिकिटे दिली. दोघेही आयुष्यात प्रथमच बोटीत बसणार होते. त्याच दिवशी सकाळच्या गाडीने ती मुंबईस उतरली आणि टॅक्सीवाल्यास म्हणाली, ‘आम्हाला बोटीच्या धक्क्यावर सोडा.’ मुंबईत ‘धक्का’ म्हटले की भाऊचा धक्का, हे त्या टॅक्सीवाल्याच्या दृष्टीने उघडच होते. त्याने त्यांना माझगावला नेऊन सोडले. तेथेही पाणी होते, बोट होती, माणसांची रांगही होती. दोघे त्या रांगेत उभे राहिले. अर्ध्या तासाने तिकीट दाखविण्याची वेळ आली तेव्हा ही रांग मांडव्याची आहे हे कळले. मग दुसरी टॅक्सी, मालमोटारींनी तुंबलेला रस्ता, आणि शेवटची पाच मिनिटे उरली असता बॅलार्ड पियरचे दार. दोघे कसेबसे बोटीत चढले. परंतु त्या गृहस्थांच्या रक्तदाबाच्या गोळ्या धक्क्यावर सोपविलेल्या मोठ्या पेटीत होत्या, आणि पेटी खोलीपर्यंत पोहोचावयास संध्याकाळ झाली. पहिली सबंध संध्याकाळ त्यांनी बोटीवरील डॉक्टरांच्या खोलीत काढली. त्यांच्या पत्नी मला पुढे म्हणाल्या, ‘मास्तर, मुंबई मागे पडताना पाहायची म्हणून मी महिनाभर मनाशी ठरवलं होतं; आणि मी ती पाहिलीच नाही.’ पत्ता नीट सांगितला असता आणि गोळ्या हातातील पिशवीत असत्या, तर यांतील काहीच घडले नसते.

यावरून सामानाचा नियम आपोआप निघतो. मोठ्या पेट्या धक्क्यावर ताब्यात घेतल्या जातात आणि काही तासांनी खोलीच्या दाराशी येतात. म्हणून हातात एक लहान पिशवी ठेवावी आणि तीत सर्व औषधे, डॉक्टरांची चिठ्ठी, चष्मा, कानाचे यंत्र, ओळखपत्रे, तिकीट, थोडी रोकड, भ्रमणध्वनीचा चार्जर आणि कपड्यांचा एक जोड ठेवावा. औषधे सफरीच्या दिवसांपेक्षा तीन दिवस अधिक पुरतील एवढी घ्यावी. प्रत्येक पेटीवर नाव, बोटीचे नाव व खोलीचा क्रमांक यांची चिठ्ठी पक्की बांधावी. इस्त्री, पाणी तापविण्याची विजेची किटली, उदबत्ती, निरांजन अशा उष्णतेच्या वस्तू बोटीवर चालत नाहीत. समुद्रावर आगीइतके भय दुसऱ्या कशाचेही नाही, हे त्याचे कारण. घरी केलेले खाद्यपदार्थही बहुतेक बोटींवर नेऊ देत नाहीत. तेव्हा लाडू-चिवड्याचे डबे भरण्यापूर्वी कंपनीचे नियम वाचावेत. नाहीतर गृहिणीची दोन दिवसांची मेहनत फाटकावर राहते.

कागदपत्रांविषयी एक गोष्ट विशेष सांगावयाची आहे, आणि ती आपल्या घरातील स्त्रियांसंबंधी आहे. आपल्याकडे लग्नानंतर नाव बदलते. कधी आडनावच बदलते, कधी पहिले नावही. एका कागदावर माहेरचे नाव, दुसऱ्यावर सासरचे, तिसऱ्यावर पतीच्या नावाऐवजी वडिलांचे, असा प्रकार पुष्कळ घरांत आढळतो. तिकीट काढणारा मुलगा घरात रूढ असलेले नाव घालतो, आणि आधारपत्रावर निघते ते दुसरेच. फाटकावरच्या माणसाला आपली वंशावळ ठाऊक नसते. यासाठी जे ओळखपत्र बरोबर नेणार, त्यावरील नावाप्रमाणेच, अक्षर न् अक्षर, तिकिटावर नाव घालावे. परदेशी बंदराला लागणारी बोट असल्यास पासपोर्ट लागतो, आणि त्याची मुदत सफरीनंतर किमान सहा महिने शिल्लक असावी, असा दंडक पुष्कळ देशांचा आहे. लक्षद्वीपसाठी प्रवेशाचा परवाना लागतो. त्याचे कागद कंपनी मागेल तेव्हा लगेच द्यावेत, शेवटच्या आठवड्यावर ढकलू नयेत.

आता धक्क्यापर्यंत जावयाचे कसे ते पाहू. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून बॅलार्ड पियर सुमारे एक-दीड किलोमीटरवर आहे. हातात ओझे नसेल तर पाय चांगले असणारा माणूस वीस मिनिटांत चालत जाईल. पेट्या असतील तर टॅक्सी करावी. इतक्या जवळचे भाडे घेण्यास काही टॅक्सीवाले नाखूश असतात. त्यांच्याशी वाद घालण्यात वेळ न दवडता दुसरी पाहावी. स्टेशनवर हमाल केल्यास मजुरी आधी ठरवावी आणि सामान उतरल्यावर ती हसतमुखाने द्यावी. उपनगरातून येणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे : रिक्षा दक्षिण मुंबईत येत नाही. पश्चिमेकडे वांद्रे आणि पूर्वेकडे शीव, यांच्या अलीकडेच तिची हद्द संपते.

विमानाने येणाऱ्यांची सोय आता पुष्कळ सुधारली आहे. भूमिगत मेट्रोचा शेवटचा टप्पा ऑक्टोबर २०२५ मध्ये खुला झाल्यापासून विमानतळावर मेट्रोत बसून थेट छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरता येते. मात्र २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरूनही विमाने सुटू लागली आहेत. तिकिटावर नुसते ‘मुंबई’ पाहून समाधान मानू नये. विमानतळ कोणता, हे वाचावे. पुण्याहून मोटारीने येणाऱ्यास जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतू शिवडीस आणून सोडतो, आणि तेथून पूर्व मुक्त मार्गाने बंदराचा भाग जवळ पडतो. परंतु आपली मोटार बंदरात ठेवून चार दिवस सफरीस जाऊ, अशा भरवशावर राहू नये. कोणी तरी पोहोचवून परत जावे, हे उत्तम.

लोकल गाड्यांविषयी मुंबईकरास सांगणे न लगे. बाहेरगावच्या श्रोत्यांसाठी सांगतो. सकाळी आठ ते अकरा सारी मुंबई दक्षिणेकडे धावते आणि संध्याकाळी पाच ते नऊ उत्तरेकडे परतते. बोटीवर जाताना सकाळच्या त्या गर्दीत पेट्या घेऊन शिरणे हे साहस आहे. ते करू नये. अकरानंतर यावे. परंतु हीच गोष्ट परतताना आपल्या पथ्यावर पडते. बोट बहुधा सकाळी परत लागते, आणि त्या वेळी टर्मिनसवरून ठाणे-कल्याणकडे जाणाऱ्या लोकल बऱ्याच मोकळ्या असतात. म्हणजे सकाळी लोकलने बाहेर पडावे, संध्याकाळी पडू नये.

ऋतूचाही विचार हवा. आपल्या किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो. गेटवे ते मांडवा ही लहान बोटींची वाहतूक त्या काळात बहुतेक बंदच राहते, आणि नारळी पौर्णिमेला कोळी बांधव समुद्राला नारळ अर्पण करतात तो नव्या हंगामाचा आरंभ समजून. नवख्या माणसाने पहिली सफर नोव्हेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत करावी. समुद्र तेव्हा बराच शांत असतो. तरीही ज्यांना बोट लागते त्यांनी डॉक्टरांस विचारून गोळी बोटीत चढण्यापूर्वीच घ्यावी. उलट्या सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. खोली निवडता येत असेल तर खालच्या मजल्यावरील, बोटीच्या मध्यभागाची घ्यावी. तेथे हेलकावे कमी जाणवतात.

बोटीत चढल्यावर प्रथम एक कवाईत होते. भोंगा कसा वाजतो, तरंगजाकीट कसे बांधावे, संकटसमयी कोठे जमावे, हे प्रवाशांना दाखवितात. १ जानेवारी २०१५ पासून आंतरराष्ट्रीय नियमच असा आहे, की ही कवाईत बोट सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी झाली पाहिजे. कित्येक प्रवासी ती थट्टेवारी नेतात, कोणी खोलीतच बसून राहतात. माझी विनंती आहे की असे करू नये. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्याहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. गिरगाव-परळपासून अलिबागपर्यंत कितीतरी घरांत त्या दिवसाची आठवण पुढे पिढ्यान्‌पिढ्या राहिली. आजच्या बोटी पुष्कळ सुरक्षित आहेत. परंतु त्या सुरक्षित राहतात त्या अशा कवाइतींमुळेच. दहा मिनिटे उभे राहून ती लक्षपूर्वक पाहावी आणि नातवंडांनाही पाहावयास लावावी.

आदल्या दिवशी येणाऱ्यास मुंबईत मोकळा वेळ मिळतो. तो दुकानांत घालविण्यापेक्षा बंदराच्या आसपासच फिरून पाहावा. बॅलार्ड इस्टेटच्या एकसारख्या दगडी इमारती जॉर्ज विटेट या वास्तुविशारदाच्या योजनेतून उभ्या राहिल्या. १९२२ साली लोकांस खुले झालेले वस्तुसंग्रहालय आणि १९२४ साली पूर्ण झालेले गेटवे ऑफ इंडिया हीही त्याचीच कामे. म्हणजे एका दुपारी एका माणसाची तीन कामे पायी पाहून होतात. वाटेत १८३३ साली बांधून पुरा झालेला टाउन हॉल आणि त्याच्या रुंद पायऱ्या आहेत. त्यांसमोरच हॉर्निमन सर्कलची बाग आहे, थकलेल्यांनी तेथे सावलीत बसावे. बॅलार्ड इस्टेटमध्ये पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या पोर्ट ट्रस्टच्या माणसांचे एक स्मारकही आहे. घाईने जाणाऱ्या प्रवाशांच्या नजरेस ते सहसा पडत नाही. २९ ऑगस्ट १९३१ रोजी गांधीजी गोलमेज परिषदेसाठी ‘राजपुताना’ बोटीने निघाले ते याच मुंबई बंदरातून. हे सारे ठाऊक असले, म्हणजे संध्याकाळी कठड्याशी उभे राहून मागे पडणारे शहर पाहताना त्यात ओळखीचे काही दिसते.

मधल्या बंदरांविषयी थोडे सांगतो. गोव्याला बोट लागते ती मुरगावला, पणजीला नव्हे. मुरगावहून पणजी रस्त्याने सुमारे तीस किलोमीटर आहे. चार-सहा तासांत जुन्या गोव्यातील चर्चे, मंगेशी, शांतादुर्गा आणि कळंगुटचा किनारा असे सर्व पाहण्याचा हव्यास धरू नये. एक तर पणजी व जुने गोवे पाहावे, किंवा फोंडे महालातील देवदर्शन करावे; केवळ समुद्रकिनारा हवा असेल तर बोगमाळो जवळ आहे. कोचीला बोट विलिंग्डन बेटाच्या बाजूस लागते. तेथून मट्टांचेरी व फोर्ट कोची पाहून होते. मात्र १५६८ साली बांधलेले यहुद्यांचे परदेशी प्रार्थनामंदिर शनिवारी बंद असते, आणि मट्टांचेरीचा राजवाडा शुक्रवारी. कोठल्याही बंदरात उतरताना ‘सर्वांनी परत येण्याची वेळ’ विचारून घ्यावी आणि तिच्या एक तास आधी बोटीजवळ असावे. कंपनीच्या सहलीतून गेलेल्यांसाठी बोट थोडी थांबेलही; स्वतंत्रपणे टॅक्सी करून गेलेल्यांसाठी ती थांबत नाही. बोटीवरील घड्याळ आणि आपले घड्याळ जुळते आहे की नाही, हेही पाहावे.

भ्रमणध्वनीचेही एक सांगावयाचे राहिले. किनारा दूर गेला की आपले नेहमीचे जाळे सुटते आणि यंत्र बोटीवरील जाळ्याला आपोआप जोडले जाऊ शकते. त्याचे दर जबर असतात. बोट सुटताच यंत्र फ्लाइट मोडवर ठेवावे. घरच्यांना आधीच सांगून ठेवावे, की दोन दिवस फोन लागला नाही तरी घाबरू नका. मुलाबाळांचा जीव टांगणीला लागत नाही.

गोव्यात किंवा कोचीत सफर संपवून पुढे जाणाऱ्यांनी परतीचे तिकीट काढण्यापूर्वी नकाशा पाहावा. मुरगावहून दाबोळीचा विमानतळ अगदी जवळ आहे; परंतु २०२३ साली सुरू झालेला मोपाचा विमानतळ गोव्याच्या उत्तर टोकाला पेडणे महालात आहे, आणि तेथे जावयास बराच वेळ लागतो. कोकण रेल्वेच्या मुख्य गाड्या मडगावला मिळतात, वास्कोला नव्हे. कोचीचा विमानतळही शहरात नसून नेडुंबाशेरीला, तीस किलोमीटरांहून दूर आहे.

आता शेवटची रात्र आणि नंतरचा दिवस. उतरण्याच्या आदल्या रात्री मोठ्या पेट्या खोलीबाहेर ठेवावयास सांगतात, आणि सकाळी त्या परस्पर धक्क्यावर जातात. दुसऱ्या दिवशी घालावयाचे कपडे व पादत्राणे त्या पेटीत भरून मोकळे झालेले गृहस्थ रात्रीच्या पोशाखात मुंबई बंदरी उतरल्याच्या गोष्टी बोटीवर चवीने सांगितल्या जातात. त्या गोष्टींत आपली भर नको. त्याच रात्री बोटीवरील खर्चाचा हिशेब मागून घ्यावा व ओळीने वाचावा. सकाळच्या रांगेत चूक दाखवून देणे कठीण जाते.

उतरल्या दिवशीची परतीची गाडी सकाळची धरू नये. बोट उशिरा लागते, पेट्या शोधाव्या लागतात, टॅक्सीला रांग असते. पुण्यास जाणाऱ्यांस दख्खनची राणी सायंकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी सोयीची आहे. तोपर्यंत पेट्या स्टेशनवरील सामानघरात ठेवता येतात. त्यासाठी प्रवासाचे तिकीट लागते आणि पेटीला कुलूप असावे लागते. दहा रुपयांच्या कुलपावाचून दिवसभर पेट्या सांभाळीत बाकावर बसलेली माणसे मी पाहिली आहेत. गाडी कोणत्या स्थानकावरून सुटते हेही पुन्हा पाहावे. मुंबई सेंट्रल, वांद्रे टर्मिनस, दादर, कुर्ल्याचे लोकमान्य टिळक टर्मिनस ही सारी वेगवेगळी ठिकाणे आहेत, आणि त्यांच्यात तासातासाचे अंतर पडू शकते.

बोटीतून उतरल्यावर कित्येकांना जमीनच डोलते आहे असे वाटते. पाय सावरून ठेवावा लागतो, स्नानाच्या वेळी भिंत धरावीशी वाटते. यात घाबरण्यासारखे काही नाही. शरीराला जडलेली हेलकाव्यांची सवय एकदोन दिवसांत सुटते. मात्र त्या दिवशी स्वतः मोटार हाकू नये, जिना सांभाळून उतरावा, आणि वृद्धांचा हात धरावा. चार दिवसांनंतरही त्रास राहिला तर डॉक्टरांकडे जावे.

श्रोतेहो, या सूचनांत अवघड अशी एकही नाही. आदल्या दिवशी या, धक्क्याचे नाव नीट सांगा, नाव ओळखपत्राप्रमाणे घाला, औषधे हातात ठेवा, आणि परतीला घाई करू नका. एवढे एका चिठ्ठीवर मावेल. मुलांनी आईवडिलांना तिकिटे देताना ही चिठ्ठीही बरोबर द्यावी, आणि जमेल त्याने एक दिवसाची रजा काढून त्यांना धक्क्यापर्यंत पोहोचवून यावे. ज्यांनी आयुष्यभर इतरांना स्टेशनवर पोहोचविले, त्यांना एकदा कोणी तरी पोहोचवावयास हवे. बोटीवरची गंमत त्यांची ती अनुभवतील.

आपणां सर्वांची सफर सुखाची होवो.